न वाचलेला उतारा

आंधळ्याला वाचून दाखवणं हे पुण्याचं काम, असं लोक म्हणतात. म्हणोत बापडे. ज्याला वाचून दाखवतात त्याला कुणी विचारायला जात नाही. माझा थोरला भाऊ, अण्णा, मला वाचून दाखवायचा. आवाज छान होता त्याचा, खोटं कशाला बोलू. पण कंटाळा आला की तो दोन-दोन पानं एकदम उलटायचा आणि त्याला वाटायचं, हिला काय कळतंय. अरे बाबा, माझे डोळे गेलेत, कान जागेवर आहेत. गोष्टीतली बाई रडायला लागली की हा घसा खाकरून 'पुढं उद्या' म्हणायचा. मिलचा भोंगा झाला की वाक्य अर्धं टाकून जेवायला उठायचा. त्या राजकन्येनं दार उघडलं की नाही, हे अण्णाची भाकरी संपेपर्यंत मला कळायचं नाही, आणि भाकरी संपली की त्याला झोप यायची.

मी चिडले की तो म्हणायचा, मग तूच वाच की. दुष्टपणानं नव्हे. घरात एकमेकांना म्हणतात तसंच. पण मला ते लई लागायचं.

मला आठव्या वर्षी देवी आल्या. त्यातून जीव वाचला, डोळे गेले. आमचे अप्पा म्युनिसिपालिटीच्या शाळेत मास्तर होते, त्यामुळे मुलगी असून मला पाटी मिळाली होती आणि देवी यायच्या आधी मी दुसरीपर्यंत शिकले होते. अक्षरं मला आठवत होती. वाईट तेच होतं. जिला कधी वाचताच आलं नाही तिची गोष्ट निराळी. माझी आई, आम्ही तिला अव्वा म्हणायचो, तशी होती. तिचं माहेर अक्कलकोटकडचं. बोलणं निम्मं कानडी, निम्मं मराठी, आणि अक्षरओळख दोन्हीकडची नाही. तिला पुस्तकाची भूक नव्हती. मला होती, आणि पुस्तकं तर मास्तरांच्या घरात कोनाड्या-कोनाड्यात भरलेली. मी ती उघडून नुसता वास घेत बसायचे. अप्पा ओरडायचे, पानं घामानं खराब होतात म्हणून.

सोलापुरात मार्शल लॉ होऊन वर्ष-दोन वर्षं झाली असतील, मी पंधरा-सोळाची होते, तेव्हा अप्पांनी मला मिशनच्या दवाखान्यात नेलं. डोळ्यांचं काही होणार नाही हे तिथल्या डॉक्टरांनी दोन वाक्यांत सांगून टाकलं. अप्पा मला हाताला धरून बाहेर आणत होते तेव्हा एक बाई मागून आल्या. ख्रिस्ती होत्या, मराठी बोलणाऱ्या, नगरकडच्या. त्यांनी अप्पांना नाही, मला विचारलं, की तुला वाचायला शिकायचंय का. मला वाटलं चेष्टा करतायत. मी म्हटलं, आधी तुम्ही आंधळ्या होऊन दाखवा. अप्पांनी माझा दंड दाबला. बाई मात्र हसल्या आणि पुढच्या आठवड्यात आमच्या घरी आल्या.

अव्वा त्यांना ओसरीवरच बसवायची आणि त्यांचा कप वेगळा ठेवायची. बाईंनी त्याचं कधी काही मनाला लावून घेतलं नाही. त्यांच्या पिशवीत जाड खाकी कागद, खिडक्या पाडलेली पितळेची पट्टी आणि लाकडी मुठीची टोचणी असायची. पट्टी कागदावर बसवायची आणि एकेका खिडकीत टोचणीनं ठिपके दाबायचे. एका खिडकीत जास्तीत जास्त सहा ठिपके बसतात. कुठला ठिपका आहे आणि कुठला नाही, त्यावरून अक्षर ठरतं. टोचायचं उजवीकडून डावीकडं, मग कागद उलटा करायचा, म्हणजे ठिपके वर येतात आणि डावीकडून उजवीकडं बोटानं वाचता येतात. ऐकायला सोपं वाटतं. पहिला महिना माझ्या बोटाला सगळं मोहरी सांडल्यासारखं लागायचं. मी रागानं कागद फेकायची, बाई तो उचलून परत माझ्या मांडीवर ठेवायच्या.

आणि मग एके दिवशी एक शब्द लागला. 'पाणी' हा शब्द. कुणी सांगितला नव्हता, कुणी वाचून दाखवला नव्हता. माझ्या बोटानं मला सांगितला. मी इतकी ओरडले की अव्वा चुलीपुढून पळत आली, तिला वाटलं विंचू चावला.

बाईंनी स्वतः टोचून एक लहान गोष्टींचं पुस्तक केलेलं होतं. ते त्यांनी माझ्याकडं ठेवलं. अण्णाची गरज संपली. मी दिवसा वाचायची, अंधारात वाचायची, जेवताना डाव्या हातानं वाचायची. आंधळं असण्याचा तेवढा एकच फायदा मला ठाऊक आहे, दिव्याचं तेल लागत नाही. पुस्तक एकच होतं, त्यामुळे तेच ते. शंभरदा झालं तरी मला कंटाळा येत नव्हता. कुठं थांबायचं आणि कुठलं पान परत वाचायचं ते माझं मी ठरवत होते, ते सुख ज्याच्या हातून कधी गेलेलं नाही त्याला समजणार नाही.

मग बाईंनी अप्पांपुढं खरा विषय काढला. पुण्याकडं आंधळ्या मुलींची एक शाळा होती. तिथं दिवाळीनंतर एक जागा होणार होती. तिथं राहायचं, शिकायचं, आणि दोन वर्षांनी तिथंच लहान मुलींना शिकवायचं. पगार नाही म्हटलं तरी पोटापुरतं. मी दाराआड उभी राहून ऐकत होते. घरात माझं पुढं काय होणार हे मला स्वच्छ दिसत होतं, त्याला डोळे लागत नाहीत. अण्णाचं लग्न होणार, वहिनी येणार, आणि मी कोपऱ्यात शेंगा सोलत बसणार, जन्मभर. बाई बोलत होत्या ती एकच वाट होती. दुसरी नव्हती.

अप्पांनी मला बोलावलं आणि म्हणाले, वाच. मी बाईंचं पुस्तक पुढ्यातल्या पाटावर उघडलं आणि वाचायला लागले. मी वाचत असताना अप्पांनी हळूच माझ्या बोटांखालून पुस्तक काढून घेतलं. आणि मी मूर्ख, बोलतच राहिले. अर्धं पान बोलले. शंभरदा वाचलेलं, तोंडातून आपोआप येत होतं. बोटं पाटावर फिरतायत हे मला कळलं तेव्हा उशीर झाला होता.

"पाठांतर उत्तम आहे," अप्पा म्हणाले.

आता अप्पांना दोष द्यायचा तर कसा द्यायचा? त्यांचा सगळा जन्म पाठांतर पकडण्यात गेला होता. इन्स्पेक्टर यायच्या दिवशी पुस्तक उलटं धरून घडाघडा 'वाचणारी' पोरं त्यांनी ढिगानं पाहिली होती. कवितेचं पान काढून धड्याचं ठेवलं तरी कविताच म्हणणारी. त्यांना वाटलं, बाई भली आहे, पोरगी हुशार आहे, बाईनं सांगितलं आणि पोरीनं पाठ केलं. ठिपक्यांत अक्षरं असतात यावर त्यांचा विश्वासच बसेना. मनात दुसरीही भीती होती. पेठेत लोक म्हणत होते, मास्तर पोरगी बाटवायला धाडतोय. ती भीती ते तोंडानं बोलले नाहीत, पण आमच्या घरात भिंतींनाही ठाऊक होती.

पण माणूस न्यायाचा होता. ते म्हणाले, परीक्षा घेऊ. न वाचलेला उतारा. मी निवडीन, बाईंनी माझ्यासमोर टोचायचा, पानं माझ्या ताब्यात राहतील आणि दसऱ्याला, मुहूर्त चांगला आहे, हिनं ती माझ्यापुढं वाचायची. वाचली तर मी स्वतः हिला रेल्वेनं पुण्याला पोचवीन. बाईंनी मात्र त्या दिवशी हजर राहायचं नाही. बाईंना तसंही बहिणीच्या बाळंतपणाला गावी जायचं होतं, दिवाळी झाल्यावर येणार होत्या. त्यांनी लगेच मान्य केलं. मला बाहेर नेऊन एवढंच म्हणाल्या, की पोरी, घाई करू नको, प्रत्येक ठिपका बोटाखालून जाऊ दे.

आणि अप्पांनी उतारा कुठला निवडावा? जगातल्या साऱ्या पुस्तकांतून त्यांनी ट्रेनिंग कॉलेजातलं शेतकीचं एक जुनं पुस्तक काढलं आणि त्यातला शेणखताच्या खड्ड्यावरचा धडा दिला. म्हणाले, हे कुणी पाठ करणार नाही. खरंच होतं ते. मला परसात पिटाळून बाईंनी दुपारभर अप्पांसमोर शेणखत टोचलं. मी कडुनिंबाखाली बसून ती टकटक ऐकत होते. आत माझं नशीब टोचलं जात होतं आणि ते शेणखताचं होतं. मला हसू यायचं. पानं अप्पांनी कपाटात घालून कुलूप लावलं, शाळेतल्या पेपरांना लावायचे तसं.

नवरात्र आलं. आमच्याकडं घट बसायचे, आणि शेवटच्या दिवसांत सरस्वतीपुढं घरातली पुस्तकं मांडली जायची. एकदा मांडली की दसऱ्यापर्यंत त्यांना कुणी हात लावायचा नाही, कुणी वाचायचं नाही. दर वर्षी अव्वा अण्णाची पुस्तकं मांडायची, अप्पांच्या पोथ्या मांडायची. माझं काही नसायचं. त्या वर्षी तिनं अप्पांकडं हट्ट धरला, की माझ्या लेकीचं पुस्तकबी बसलं पाहिजे. बाईंचं गोष्टींचं पुस्तक तिला चालेना, ते परक्याचं, मिशनचं. तिला शेणखताची पानं हवी होती, कारण ती आमच्या घरात लिहिली गेली होती आणि त्यातला मजकूर आमच्या कपाटातला होता. अप्पांनी विचार केला की पूजेतल्या पुस्तकाला तसाही कुणी हात लावत नाही, आणि पानं काढून दिली. अव्वानं मला ते सांगितलं तेव्हा माझे डोळे भरून आले. आठ वर्षांनी माझं काहीतरी अण्णाच्या पुस्तकांशेजारी बसत होतं.

दसऱ्याला सकाळी पूजा झाली, आरती झाली. अव्वानं पुरण घातलं होतं, घरभर वास सुटला होता. अप्पा पाटावर बसले, हातात शेतकीचं पुस्तक. अण्णाला त्यांनी अंगणात उभं केलं, त्यानं मला खाणाखुणा करू नयेत म्हणून. मला, खाणाखुणा! अव्वा दाराशी बसली. अप्पांनी स्वतःच्या हातानं पानं माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाले, सावकाश वाच.

मी वाचलं. "शेणखताचा खड्डा गोठ्यापासून जवळ, परंतु विहिरीपासून दूर असावा. खड्ड्यावर झाडाची किंवा छपराची सावली असावी." अक्षर न् अक्षर लागत होतं. अप्पांचा श्वास बदललेला मला ऐकू आला. ते पुढं सरकून बसले होते. मी तिसऱ्या ओळीवर बोट आणलं.

तिथं काही नव्हतं.

मी बोट मागं नेलं, पुढं नेलं. कागद गुळगुळीत होता. मधूनच एखादा ठिपका असल्यासारखा वाटायचा आणि परत नाहीसा व्हायचा. मी पान बदललं. दुसरं पान तसंच, तिसरं तसंच, तेलाचा हात फिरवलेल्या पोळपाटासारखं. अप्पा म्हणाले, पुढं? मी म्हटलं, थांबा. ते थांबले. मी सगळी पानं चाचपली, उलटी केली, सुलटी केली. अप्पा पुन्हा म्हणाले, पुढं? त्यांच्या आवाजातून ती मघाची आशा निघून गेलेली होती.

"ह्या पानांना कुणी हात लावला?" मी विचारलं.

अव्वा खुशीत होती. तिला वाटलं मी कौतुक करतेय. म्हणाली, मीच लावला की. पानं कशी खडबडीत होती, एकावर एक नीट बसंनात. देवीपुढं मांडायची, अशी कशी मांडायची? म्हणून वाटीच्या बुडानं घासून सारखी केली.

हे समजायला अव्वाचं काम ठाऊक पाहिजे. ती खणांवर आणि टोपड्यांवर वेलबुट्टी भरायची, लोक मागून न्यायचे. त्यासाठी आधी खाका करतात. कागदावर नक्षी काढायची, ती सुईनं टोचायची आणि मागच्या अंगाला कागदाची जी खरखरीत टोकं वर येतात ती वाटीनं घासून साफ करायची. मग तो खाका कापडावर सपाट बसतो आणि वरून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी आपटली की भोकांतून नक्षी उतरते. खाक्यात नक्षी म्हणजे भोकं. वर आलेली टोकं म्हणजे कचरा. बाईंना टोचताना अव्वानं पाहिलं होतं आणि तिला वाटलं, बाईचं काम चांगलं पण हात अर्धवट, घासायचं राहूनच गेलं. लेकीच्या परीक्षेची पानं, तिनं जीव लावून घासली. पहिल्या पानाच्या वरच्या दोन ओळी तेवढ्या तिच्या डाव्या हाताखाली राहिल्या असाव्यात.

मी ओरडले. काय बोलले ते सांगत नाही, सणाच्या दिवशी आईला बोलू नये असं बोलले. अप्पांनी पानं उजेडात धरली, तिरपी करून पाहिली. मग म्हणाले, परीक्षा रद्द. हिची चूक नाही. दिवाळीनंतर बाई आल्या की नवीन उतारा, पुन्हा घेऊ. एवढं बोलून ते उठले. त्या दिवशी त्यांचा माझ्यावर जवळजवळ विश्वास बसला होता, हे मी आजही शपथेवर सांगेन. दोन ओळींनी तो बसला होता.

म्हणजे सगळं संपलं नव्हतं. पण अव्वा मात्र संपल्यासारखी झाली. तिनं पुरणाची पोळी तोंडात घातली नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही, नुसतं पाण्यावर. मी जाऊन तिच्या गळ्यात पडले, म्हटलं, अव्वा, बाई येतील, परत टोचतील, काही बिघडलं नाही. ती म्हणायची, माझ्याच हातानं झालं गं. तेवढंच. एरवी दिवसभर कानडीत स्वतःशी पुटपुटणारी बाई, घरात तिचा आवाज येईना. तिच्या बांगड्या वाजल्या की मला कळायचं ती कुठं आहे ते.

दिवाळी जवळ आली. एका दुपारी ती माझ्याशेजारी येऊन बसली आणि तिनं माझ्या मांडीवर कागद ठेवले. जाड कागद, मिलच्या कापडाच्या गठ्ठ्यावर गुंडाळतात तो. तिनं मला सांगितलं, की ती घासलेली पानं तिनं खिडकीशी धरून पाहिली, ठिपक्यांच्या खुणा पुसट दिसत होत्या, त्या बघून बघून तिनं सगळी पानं नव्यानं टोचली. गोधडीवर कागद ठेवून, दाभणानं. चार दुपारी लागल्या. "घासलं न्हाय बग," ती म्हणाली, "हात लावून बग. एक ठिपका गळू दिला न्हाय."

मी हात लावला. काय सुबक काम होतं. ओळी सरळ, ठिपके सारख्या उंचीचे, बाईंना जमले नसते इतके सारखे. आणि प्रत्येक खिडकीत सहाच्या सहा ठिपके. पहिल्या घरात सहा, दुसऱ्यात सहा, पानभर सहा. जिथं ठिपका नव्हता तिथं तिला वाटलं की तो आपल्या घासण्यानं गेला, आणि तिनं तो भरून काढला. वेलीत टाका गळलेला दिसला तर ती काय करणार होती? रिकाम्या जागेलाही अर्थ असतो, हे तिला कुणी सांगितलं होतं? पानावर एक अक्षर नव्हतं.

"ओदव्वा," ती म्हणाली. वाच गं बाई. माहेरची भाषा तिच्या तोंडी कितीतरी दिवसांनी आली होती. तिचा हात माझ्या गुडघ्यावर होता.

मी काय करणार होते? सांगा मला कुणीतरी. मी वाचलं. पहिल्या दोन ओळी मला येतच होत्या. गोठ्यापासून जवळ, विहिरीपासून दूर, झाडाची सावली. पुढं मी बोट फिरवत राहिले आणि जे सुचलं ते बोलत राहिले. त्या झाडाखाली एक बाई बसायची. तिच्या हाताला लई गुण होता. ती ज्याला हात लावील ते चांगलं व्हायचं, वाळलेली वेल असली तरी तिला पानं फुटायची. अव्वा म्हणाली, शेणाच्या धड्यात असं लिवलंय? मी म्हटलं, व्हय अव्वा, असंच लिवलंय. ती हसली. दसऱ्यापासून पहिल्यांदा हसली, आणि हसता हसता रडायला लागली. मी पान उलटून आणखी वाचलं.

अप्पा शाळेतून केव्हा आले आणि दाराशी केव्हापासून उभे होते, मला कळलं नाही. माझे कान जागेवर असतात म्हणते मी, पण त्या दिवशी नव्हते. ते आत आले, माझ्या मांडीवरचं पान त्यांनी घेतलं. ते घेऊन खिडकीशी गेले.

"हे कुणी टोचलं?" त्यांनी विचारलं.

अव्वानं अभिमानानं सांगितलं, मी टोचलं. सगळं बरोबर टोचलंय, हिनं घडाघडा वाचलं. तुमी इचारा की तिला. दिवाळीपतोर थांबायचं कशाला, हितंच घ्या परीक्षा.

मी म्हटलं असतं की पानावर काही नाही, तर शेजारी अव्वा बसली होती, तिच्या चार दुपारी माझ्या मांडीवर होत्या. अप्पांनी ते पान परत माझ्या हातात दिलं, कोपरा दुमडू न देता, आणि मला म्हणाले, छान वाचतेस.

दुसऱ्या दिवशी अव्वा नदीवेशीकडं बाजाराला गेली तेव्हा मी भिंत धरत धरत अप्पांपाशी गेले आणि सरळ सांगून टाकलं. काल मी खोटं वाचलं, अव्वासाठी वाचलं, तिनं जेवण सोडलं होतं. पानावर अक्षर नव्हतंच.

"ते मला दिसलं," अप्पा म्हणाले. "मग दसऱ्याला कुणासाठी वाचलंस?"

मी म्हटलं, दसऱ्याला खरं होतं, दोन ओळी होत्या. ते म्हणाले, दोन ओळी कुणीही कानात सांगू शकतं, पुस्तक घरातलंच होतं, अण्णा घरातलाच. आवाज चढवला नाही त्यांनी. चढवला असता तर मला भांडता आलं असतं. माझ्यापाशी दाखवायला काही नव्हतं. खरं वाचलं ते पाठांतर ठरलं होतं, आणि खोटं वाचलं ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. मी पुन्हा पुन्हा तेच सांगत राहिले आणि माझं मलाच ते खोटं वाटायला लागलं. अप्पा पेपर तपासायला बसले. आज इतक्या वर्षांनी मला वाटतं, त्यांना कुठंतरी सुटल्यासारखंही झालं होतं. आंधळी पोर परगावी, परक्या लोकांत धाडायची नव्हती, आणि ती आता त्यांना न्यायानंच धाडता येत नव्हती. ते काही वाईट नव्हते. वाईट असते तर बरं झालं असतं, मी त्यांना शिव्या घालून मोकळी झाले असते.

दिवाळीनंतर बाई आल्या. अप्पांनी त्यांना आत खुर्चीवर बसवलं, चहा दिला, घरातल्याच कपातून. बाई म्हणाल्या, आत्ता इथं एक ओळ टोचते, तुम्ही सांगाल ती. अप्पा म्हणाले, "राहू दे बाई. मुलगी गुणी आहे. पण तिला काही नसलेल्या कागदावरचंही वाचता येतं." बाईंना कळेना ते काय म्हणतायत. त्यांनी मला विचारलं. अव्वा माझ्याजवळ उभी होती, पदरानं हात पुसत होती, कान देऊन ऐकत होती. मी काही बोलले नाही. मग बाईंनी आपलं गोष्टींचं पुस्तक मागून घेतलं, कारण ते एकच होतं आणि आता पुण्याला दुसरी मुलगी जाणार होती. जाताना त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. त्यांच्या चपला गल्लीच्या टोकापर्यंत मला ऐकू आल्या.

मला का पाठवलं नाही ते अव्वाला शेवटपर्यंत समजलं नाही. तिला वाटलं अप्पा लोकांना भ्याले. बाई गेल्या त्याच दुपारी ती माझ्याजवळ येऊन बसली. माझं पुस्तक नेलं म्हणून तिला वाईट वाटत होतं. तिनं नवे कागद टोचून ठेवले होते, बरेच होते, मांडीवर चांगले जड लागले.

"पुस्तक नेलं तर नेऊ दे," ती म्हणाली. "मी हाय की. ओदव्वा."

मी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. सहा, सहा, सहा. मी वाचायला लागले.